एका मुलाचे अनेक क्रमांक

शाळेत दाखल झालेल्या मुलाची माहिती शाळेपुरती राहत नाही. पटावरून शिक्षकांची पदे ठरतात, शालेय पोषण आहाराचा तांदूळ येतो, पाठ्यपुस्तकांची मागणी नोंदवली जाते. पुढे शिष्यवृत्ती, दहावीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश आणि विद्यापीठातली नोंदणी यांची रांग लागते. यातले बहुतेक काम आता संगणकावर चालते, पण प्रत्येक कामाची यंत्रणा वेगळ्या खात्याने, वेगळ्या वर्षी आणि वेगळ्या गरजेपोटी उभी केलेली असते. या यंत्रणांनी एकमेकींची माहिती न चुकता वाचावी आणि दोन ठिकाणी नोंदलेले मूल एकच आहे हे ओळखावे, म्हणून काही गोष्टी आधीच सर्वांनी मिळून ठरवाव्या लागतात. शाळा कोणत्या क्रमांकाने ओळखायची, नाव कोणत्या क्रमाने लिहायचे, जन्मतारीख कशी मांडायची, कोणत्या रकान्यात कोणते पर्याय चालतील, हे ते ठराव. त्यांनाच सामाईक मानके म्हणतात. मानक म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. सॉफ्टवेअर बदलले तरी टिकते ते मानक.

महाराष्ट्रात असे मानक संगणकाच्या कितीतरी आधीपासून कागदावर होते. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे बोलीतला ‘एलशी’, हा त्याचा उत्तम नमुना आहे. त्याचा नमुना ठरलेला, रकाने ठरलेले. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहायची. जनरल रजिस्टरमधला क्रमांक द्यायचा. आणि दाखला देणाऱ्याखेरीज कोणीही त्यात खाडाखोड करायची नाही. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातल्या आणे गावच्या शाळेचा दाखला मुंबईत घाटकोपरच्या शाळेत चालतो, कारण दोन्हीकडच्या लिपिकांना कोणता रकाना कशासाठी आहे हे ठाऊक असते. त्या शाळांचा एकमेकींशी एरवी काही संबंध नसला तरी चालते. आजच्या माहिती-विनिमयाच्या मानकांची सगळी मूळ तत्त्वे या एका कागदात सापडतात. ठरलेला साचा, एकच अधिकृत स्रोत, दुबार लिहून केलेली पडताळणी आणि बदलाचा अधिकार कोणाला याचा निवाडा, हे सारे त्यात आहे. मात्र दाखला मूल शाळा सोडते तेव्हाच बोलतो. मधली सात-आठ वर्षे तो गप्प असतो, आणि खात्याला माहिती हवी असते दरवर्षी.

दरवर्षीच्या माहितीची, पुढे देशव्यापी झालेली पद्धत 1994-95 च्या सुमारास, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात ‘डायस’ या नावाने सुरू झाली. माध्यमिक शाळांची माहिती वेगळ्या वाटेने गोळा होत असे. 2012-13 पासून दोन्ही एकत्र करून ‘यू-डायस’ बनली आणि 2018-19 पासून ती ‘यू-डायस प्लस’ या नावाने थेट ऑनलाइन भरली जाऊ लागली. तिचा सर्वांत टिकाऊ वारसा म्हणजे शाळेचा अकरा अंकी क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, नंतर दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या शाळेचे. महाराष्ट्र 27, पुणे जिल्हा 25. म्हणून जुन्नर तालुक्यातल्या प्रत्येक शाळेचा क्रमांक 2725 ने सुरू होतो.

आणे हे जुन्नर तालुक्याचे पूर्वेकडचे टोक. कल्याण-नगर महामार्गाने आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून घाट चढला की आणे पठार लागते, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की पारनेर तालुका. तिथे जिल्हा बदलतो आणि शाळांचे क्रमांक 2726 ने सुरू होतात. पठारावरच्या माणसाच्या सोयरिकी, बाजार आणि मेंढरांच्या वाटा ही हद्द रोज ओलांडतात. पलीकडे टाकळी ढोकेश्वरच्या शाळेत मूल घातले तर घरच्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नसते. माहितीच्या दृष्टीने मात्र ते एका जिल्हा परिषदेच्या ताब्यातून दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेलेले असते. दोन्ही जिल्ह्यांचे क्रमांक एकाच पद्धतीने बांधलेले असल्यामुळे निदान कोणत्या शाळेतून कोणत्या शाळेत, एवढे तरी निःसंदिग्धपणे लिहिता येते.

या क्रमांकाची एक उणीव फारशी बोलली जात नाही. त्यात तपासणीचा अंक नाही. आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणिती याकोबुस फेरहूफ याने 1969 मध्ये मांडलेल्या रीतीमुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर यंत्र ते जागीच पकडते. शाळेच्या क्रमांकात शेवटी 01 ऐवजी 02 पडला, तर तो बहुधा त्याच गावातल्या दुसऱ्या खऱ्या शाळेचा क्रमांक असतो, आणि चूक बिनबोभाट पुढे जाते. शिवाय एकाच शाळेला राज्य मंडळ स्वतःच्या इंडेक्स नंबरने ओळखते आणि शिक्षकांच्या पगाराची ‘शालार्थ’ प्रणाली तिसऱ्याच संकेतांकाने. हे तिन्ही जुळवणारा तक्ता कुठेतरी असावाच लागतो. बऱ्याच काळपर्यंत तो तक्ता म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलेली चिठ्ठी होती.

शाळा मोजणे तुलनेने सोपे, कारण शाळा हलत नाही. मूल मोजणे अवघड. ऑक्टोबर 2011 मध्ये महाराष्ट्र सरकारने सलग तीन दिवस राज्यभर पटपडताळणी केली. एका शाळेतली मुले दुसऱ्या शाळेत नेऊन बसवली जाऊ नयेत म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. हजेरीपटावर नाव आहे पण वर्गात मूल नाही, अशी लाखो नावे त्यातून उघडकीस आली. शाईची खूण हीच त्या तीन दिवसांपुरती विद्यार्थ्याची एकमेव ओळख होती. ती पुसली जाणारी होती, हे सांगायला नकोच.

पुसली न जाणारी ओळख देण्याचा राज्याचा प्रयत्न 2015 मध्ये ‘सरल’ प्रणालीने झाला. शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची नोंद एका छत्राखाली आणायची, आणि त्यातूनच संचमान्यता म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी काढायची, असा तिचा बेत. प्रत्येक विद्यार्थ्याला एकोणीस अंकी क्रमांक मिळाला आणि त्या अंकांत शाळेचा यू-डायस क्रमांकच गुंफलेला होता. वाचणाऱ्याला हे सोयीचे वाटते, पण क्रमांकात अर्थ भरला की तो अर्थ जुना होतो. मूल चौथीनंतर दुसऱ्या शाळेत गेले तरी त्याच्या क्रमांकात पहिली शाळा कोरलेली राहते. ती बदलावी तर क्रमांक कायमचा उरत नाही, न बदलावी तर क्रमांक खोटे सांगतो. म्हणून ओळखक्रमांक अर्थहीन असावा आणि अर्थाच्या गोष्टी वेगळ्या रकान्यात ठेवाव्यात, हा या क्षेत्रातला जुना धडा. 2022-23 पासून यू-डायस प्लसमध्ये शाळेची एकत्रित आकडेवारी न भरता विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक मुलाला ‘पेन’ हा कायम शिक्षण क्रमांक मिळाला. त्यामागोमाग ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक आला. तो डिजिलॉकरशी जोडलेला आहे आणि शाळेपासून विद्यापीठापर्यंत एकच राहावा अशी त्याची योजना आहे. सध्या दहावीतल्या एखाद्या मुलीपाशी सरलचा क्रमांक, पेन, अपार, आधार, जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि मंडळाचा बैठक क्रमांक असे सहा क्रमांक सहज निघतात. प्रत्येक नवा क्रमांक आधीच्यांचा गोंधळ संपवण्यासाठीच आणलेला होता.

क्रमांक जुळले तरी नाव जुळावे लागते, आणि मराठी नावाइतकी चिवट अडचण या सबंध विषयात दुसरी नाही. शाळेच्या रजिस्टरात आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव. 2024 मध्ये राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांवर आईचे नावही बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तीन भागांच्या साच्यात चौथा भाग आला. सगळे नाव एकाच रकान्यात लिहून घेणाऱ्या यंत्रणेला यातला कोणता शब्द आडनाव हे कळण्याचा मार्ग नसतो. भाग वेगळे घेणारी यंत्रणा क्रम हवा तसा लावू शकते. एवढ्या साध्या ठरावाने निम्मा गुंता सुटतो, तरीही तो ठराव पुष्कळ अर्जांत अजून पाळलेला दिसत नाही.

उरलेला गुंता लिपीचा. ओतूर परिसरातले डुंबरे रोमन लिपीत कुठे ‘आर’च्या आधी ‘ए’ घेऊन येतात, कुठे न घेता. औटी तर तीन-चार तऱ्हांनी लिहिले जातात. खुद्द आणे गावाच्या रोमन रूपात कुठे एक ‘ए’, कुठे दोन. देवनागरीत लिहिले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. शाळांच्या जुन्या संगणकांवर मराठी मजकूर अशा फाँटांमध्ये टंकलेला होता की तोच फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर मोठे काम झाले, 1991 मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले, आणि पुढे जगभर युनिकोड रुळला. युनिकोडमध्येही मराठीचे काही बारकावे उशिरा पोचले. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली; तोवर ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या अक्षरांच्या दोन वेगळ्या मालिका असतात. गोऱ्हे किंवा कऱ्हाडे या आडनावांतला ‘ऱ्ह’ही दोन पद्धतींनी साठवला जाऊ शकतो. तुलनेपूर्वी सगळी नावे एका ठरावीक रूपात आणायची, असा नियम यंत्रणेत नसेल तर भावाभावांची आडनावे वेगळी ठरतात.

हा केवळ छपाईचा प्रश्न असता तर शिक्षकांनी तो सोसला असता. परंतु संचमान्यतेसाठी आधारशी जुळलेले विद्यार्थीच धरायचे, असे धोरण महाराष्ट्रात आले. नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारच्या नोंदीशी तंतोतंत जुळली तर विद्यार्थी ‘व्हॅलिड’, नाहीतर ‘मिसमॅच’. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि एकसष्ट झाली की तीन. काठावरच्या शाळेत एका मुलाचे आडनाव न जुळल्याने तिसरा शिक्षक अडू शकतो. वाडीवस्तीवरच्या शाळांचे पट लहान असतात आणि पालकांना आधार दुरुस्तीसाठी कामाचा दिवस मोडून बाजारगावी जावे लागते, त्यामुळे या नियमाचा बोजा शहरापेक्षा पठारावर जास्त पडतो. नावाची तुलना किती कडक ठेवायची हा तांत्रिक दिसणारा निर्णय इथे प्रशासकीय निर्णय होऊन बसतो. तो घेणाऱ्यांमध्ये शाळा चालवणाऱ्यांचा आवाज असायला हवा, हे म्हणणे त्यामुळे वावगे ठरत नाही.

नावानंतर येतात संकेतसूची, म्हणजे एखाद्या रकान्यात चालणाऱ्या पर्यायांची ठरलेली यादी. सामाजिक प्रवर्गाचा रकाना त्यात फार बोलका आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांखेरीज विमुक्त जाती-अ, भटक्या जमाती-ब, क आणि ड, विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे प्रवर्ग आहेत. यू-डायसच्या राष्ट्रीय साच्यात मात्र खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग एवढेच पर्याय. आणे पठारावर आणि पारनेरकडच्या माळांवर मेंढपाळी करणारा धनगर समाज राज्यात भटक्या जमाती-क मध्ये मोडतो, राष्ट्रीय साच्यात इतर मागासवर्गात. राज्याची नोंद राष्ट्रीय साच्यात बसवता येते. पण राष्ट्रीय नोंदीवरून राज्याचा प्रवर्ग परत काढता येत नाही. महाडीबीटी पोर्टलवरच्या राज्याच्या शिष्यवृत्त्यांना नेमका तोच लागतो. म्हणून बारीक भेद ठेवणारी यादी मूळ मानायची आणि ढोबळ यादी तिच्यावरून तयार करायची, हा मानक बांधण्याचा पक्का नियम आहे. उलट केले तर माहिती पुन्हा हाताने भरावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांची मुख्य तक्रार नेमकी हीच राहिली आहे की एकच माहिती वेगवेगळ्या पोर्टलवर वर्षातून अनेकदा भरावी लागते.

एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा मागायची नाही, हे तत्त्व एस्टोनिया या छोट्या देशाने सरकारभर राबवले. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स-रोड’ व्यवस्थेत प्रत्येक खात्याची माहिती त्या खात्याकडेच राहते आणि गरज पडेल तेव्हा ठरलेल्या साच्यात, नोंद ठेवून, दुसऱ्या खात्याला दिली जाते. शाळांपुरते असे काम अमेरिकेत 1997 पासून ‘सिफ’ या नावाने सुरू झाले. शाळेचे कार्यालय, ग्रंथालय, उपाहारगृह आणि बससेवा यांची वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे एकच विद्यार्थी-यादी वापरू शकावीत, हा त्याचा हेतू. पुढे ऑस्ट्रेलियानेही त्याचा अवलंब केला. अभ्यास-साहित्याच्या बाजूने ‘स्कॉर्म’ आणि ‘एलटीआय’ ही मानके आली. एका संस्थेने बनवलेला धडा किंवा चाचणी दुसऱ्याच संस्थेच्या शिक्षण-प्रणालीत बसवता यावी, आणि विद्यार्थ्याचे गुण परत त्याच्या खात्यात जमा व्हावेत, एवढे ती पाहतात. भारतात जुलै 2021 मध्ये जाहीर झालेला ‘एनडीईएआर’ हा राष्ट्रीय आराखडा याच जातीचा आहे. सर्व राज्यांनी एकच पोर्टल वापरावे असे तो सांगत नाही. राज्यांनी आपापली पोर्टले ठेवावीत, पण त्यांचे सांधे सारखे असावेत, एवढे सांगतो. भारतासारख्या देशात दुसरा मार्ग चालण्याजोगा नाहीच.

सांधा नीट बसला की काय होते याचे हाताशी असलेले उदाहरण म्हणजे पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडून दाखवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि 2020 मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावर या कोडमागे सहा अक्षरी संकेत असतो. छापलेले पुस्तक तेच राहते, संकेतामागचा व्हिडिओ किंवा स्वाध्याय मात्र बदलता येतो. कॅमेरा नसला तर संकेत हाताने टाइप करूनही चालतो. ही दुसरी सोय छोटी वाटते, पण साध्या फोनच्या आणि अधूनमधून येणाऱ्या रेंजच्या गावात तीच उपयोगी पडते.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके या जोडणीची परीक्षा पाहतात, ती हलत्या मुलांमुळे. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावातला भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुले येतात. शाळांच्या पटाची मोजणीची तारीख 30 सप्टेंबर; कोयते निघतात त्यानंतर. त्यामुळे मूल मोजले जाते गावाकडच्या शाळेत आणि हिवाळाभर शिकते, शिकलेच तर, कारखान्याजवळच्या शाळेत. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. मूल काय शिकले आहे आणि कोणत्या शाळेच्या पटावर आहे, हे ते कार्ड सांगते. पोर्टलवरची बदलीची वाट याहून सरळ पण संथ असते. सरलमध्ये नवी शाळा ट्रान्सफर रिक्वेस्ट पाठवते आणि जुन्या मुख्याध्यापकांनी ती मान्य करायची. यू-डायस प्लसमध्ये जुनी शाळा मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकते आणि नवी शाळा पेन वापरून ते तिथून उचलते. दोन्हीत गृहीत एकच की मूल एका शाळेतून कायमचे जाते. पाच महिन्यांसाठी जाऊन परत येणाऱ्या मुलासाठी साच्यात मुळातच ‘तात्पुरती शाळा’ असा रकाना हवा, आणि साचे बनवताना त्याचा विचार बहुधा शेवटी होतो.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक खाते भेटते. तिथल्या शासकीय आश्रमशाळा घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली, म्हणजे आदिवासी विकास विभागाखाली आहेत. अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाच्या, त्यांची नोंद 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’वर. डिंभे धरणामागच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी अंगणवाडीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि तिथून आश्रमशाळेत गेली, की तीन विभागांच्या दप्तरांतून फिरते. अंगणवाडीतली सहा वर्षांची नोंद शाळेच्या पहिलीच्या नोंदीला आपोआप चिकटली, तर कोणते मूल शाळेत आलेच नाही हे जूनमध्येच कळेल. सध्या त्यासाठी शिक्षक घरोघर सर्वेक्षण करतात.

महाविद्यालयाच्या पातळीवर देवाणघेवाण गुणांची नसते, श्रेयांकांची असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यार्थ्याला स्वतःचा पीआरएन देते. जुन्नरच्या महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी पदवीपर्यंत त्याच क्रमांकाने ओळखला जातो. तो विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून मुंबईला कामाला गेला आणि काही वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठात नाव घालू लागला, तर पूर्वी त्याला बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. त्यासाठी दोन्ही विद्यापीठांचा श्रेयांक सारख्याच तासांचा असावा लागतो. संगणकाचा सांधा जुळवायला काही महिने पुरतात. अभ्यासमंडळांचा सांधा जुळायला जास्त काळ जातो.

जोडणी जितकी घट्ट, तितका माहितीच्या गैरवापराचा धोका मोठा. प्रवर्ग, अपंगत्व, नापास होणे, शाळा सोडणे हे सारे एका क्रमांकाखाली आयुष्यभर गोळा झाले तर ते कोण पाहू शकते हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून मुलाचा लाभ अडवता येणार नाही, असे स्पष्ट केले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. अपार क्रमांकासाठीही शाळा पालकांकडून संमतीपत्र भरून घेते, आणि केंद्र सरकारच्या म्हणण्यानुसार हा क्रमांक ऐच्छिक आहे. संमतीपत्रावर सही न करणाऱ्या पालकाच्या मुलाची नोंद बाकीच्या यंत्रणांमध्ये पेन किंवा जुन्या क्रमांकावर बिनतक्रार चालू राहते की नाही, यावर त्या ऐच्छिकपणाचा खरेपणा ठरतो. त्यासाठी प्रत्येक साच्यात अपारचा रकाना रिकामा सोडण्याची मुभा असावी लागते.